रेषेवर मत घ्या, घरावर नको

जमिनीचा वापर बदलायचा असेल, शेतीची बिगरशेती करायची असेल, मैदानाचं आरक्षण उठवायचं असेल, तर तो निर्णय थेट मतदारांनी सार्वमताने घ्यावा का? काही वर्षांपूर्वी कोणी विचारलं असतं तर मी क्षणाचाही विलंब न लावता 'हो' म्हटलं असतं. आज माझं उत्तर निम्मं बदललंय. का बदललं ते नीट लिहावंसं वाटतंय, म्हणून ही मोठी पोस्ट.

आधी त्या 'हो'बद्दल. शहराच्या विकास आराखड्यावर ज्याने कधी हरकत नोंदवली आहे त्याला वेगळं सांगायला नको. सूचना निघते ती कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा कोपऱ्यात. नकाशावर आपला रस्ता शोधण्यातच अर्धा तास जातो. सुनावणी कामाच्या दिवशी, भर दुपारी. मी रजा टाकून गेले होते. एका मोकळ्या जागेचा वापर बदलू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. दोन-तीन मिनिटं बोलू दिलं. नंतर उत्तर आलं त्यात एकच शब्द होता: अमान्य. कारण काहीच नाही. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. अशा माणसाला कोणी सांगितलं की यापुढे तुझं मत मोजलं जाईल, तर तो दुसरं काय म्हणणार?

मग मी ईस्टलेकबद्दल वाचलं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं छोटं शहर. 1971 मध्ये तिथल्या मतदारांनी नियम केला की जमीन-वापराचा कोणताही बदल नगरपरिषदेने मंजूर केला तरी सार्वमतात 55 टक्के मतं मिळाल्याशिवाय लागू होणार नाही. एका विकासकाला औद्योगिक वापराच्या आठ एकरांवर उंच निवासी इमारत बांधायची होती. शहराचा नियोजन आयोग तयार, परिषद तयार, मतदारांनी मात्र नाकारलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1976 मध्ये न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. सत्ता मुळात लोकांचीच, त्यांनी ती स्वतःकडे राखून ठेवली तर चूक काय, असा बहुमताचा युक्तिवाद. वाचताना मान डोलावत होते. पण न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या विरोधी मतापाशी मी थांबले. एका विशिष्ट मालकाच्या विशिष्ट जमिनीचा प्रश्न असेल तर त्याचा निवाडा गुणदोषांवर, सांगता येतील अशा नियमांनुसार व्हायला हवा, असा त्यांचा मुद्दा. मतपेटी कारण देत नाही. 'नाही' का, हे मतदाराला विचारता येत नाही, आणि म्हणून ते खोडूनही काढता येत नाही.

म्हणजे माझ्या हातात पडलेला तोच कागद. अमान्य, कारण नाही. फक्त या वेळी तो देणारे आपण सगळे.

आणि हा कागद नेहमी बिल्डरच्याच हातात पडतो असंही नाही. कॅलिफोर्नियाने 1950 मध्ये राज्यघटनेत कलम घातलं की गरिबांसाठी सरकारी भाड्याची घरं बांधायची तर आधी स्थानिक मतदारांची संमती हवी. बंगल्यांच्या वसाहतीला अशी अट नाही, महागड्या टॉवरला नाही. गरिबांच्या घरांना आहे. त्याच राज्यातल्या एन्सिनिटस या किनाऱ्यावरच्या शहरात 2013 मध्ये मोठ्या झोन-बदलांसाठी, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर बदलण्यासाठी, मतदारांची मंजुरी सक्तीची झाली. राज्याच्या कायद्यानुसार शहराने घरांसाठी आराखडा करणं बंधनकारक होतं. तो मतदानाला गेला 2016 मध्ये, नामंजूर. पुन्हा 2018 मध्ये, पुन्हा नामंजूर. शेवटी न्यायालयाला सांगावं लागलं की मतदान बाजूला ठेवा आणि आराखडा मंजूर करा. ज्यांना त्या शहरात घर हवं होतं त्यांच्यातले किती जण मतदार यादीत असतील? ज्याला अजून राहायलाच मिळालेलं नाही, त्याला मत कुठून मिळणार!

पण म्हणून सार्वमत मोडीत काढा असं मी म्हणणार नाही. नापा हा कॅलिफोर्नियातलाच द्राक्षमळ्यांचा परगणा. तिथल्या मतदारांनी 1990 मध्ये ठरवलं की शेतजमिनीचा वापर आमच्या मताशिवाय बदलायचा नाही, आणि 2008 मध्ये ते संरक्षण 2058 पर्यंत वाढवलं. इथे कोणा एकाच्या घरावर मत घेतलेलं नाही. एक रेषा आखली आहे, सगळ्यांना सारखी, आधीच माहीत असलेली. स्वित्झर्लंडमध्ये तर अख्खा देश अशा रेषेवर मत देतो. 2013 मध्ये जवळपास 63 टक्के मतदारांनी गरजेपेक्षा मोठी बांधकाम क्षेत्रं आटोक्यात आणणारा कायदा स्वीकारला. 2019 मध्ये बांधकाम क्षेत्र कायमचं गोठवून टाका असा प्रस्ताव आला, तो जवळपास तितक्याच मतांनी फेटाळला. लोकांना नियोजनातलं कळत नाही म्हणणाऱ्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत.

म्हणून आता माझं म्हणणं असं. सार्वजनिक मैदान, तळं, टेकडी, शेतीचा पट्टा यांची हद्द बदलायची असेल तर सार्वमत घ्याच, आणि ते एका वॉर्डापुरतं नको, त्या जागेचा ज्यांच्या जगण्याशी संबंध येतो त्या सगळ्या परिसराचं घ्या. एखाद्या प्लॉटचा, एखाद्या इमारतीचा, कोणाच्या घराचा प्रश्न असेल तर मतदान नको. तिथे सुनावणी हवी, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी, आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर हवं, कारणासकट. मी रजा टाकून गेले होते ती मत द्यायला नव्हे, उत्तर ऐकायला.

एक गाठ मात्र सुटत नाही. बर्लिनचा टेम्पलहोफ विमानतळ 2008 मध्ये बंद झाला. त्या प्रचंड मैदानाच्या कडेने सुमारे 4,700 घरं बांधायची सरकारची योजना होती. 2014 च्या सार्वमतात 64 टक्क्यांनी सांगितलं, मैदान जसं आहे तसंच राहू द्या. इथे रेषेचा प्रश्न आणि घरांचा प्रश्न एकच. मी तिथली मतदार असते तर मैदानाच्याच बाजूने मत दिलं असतं. आणि त्याच शहरात भाड्याचं घर शोधत वणवण करणाऱ्याने 'का?' असं विचारलं असतं, तर त्याला समोर बसवून काय कारण सांगितलं असतं, ते मला अजून शब्दांत मांडता आलेलं नाही.