सपाट छपराच्या घराला 'लँडमार्क' म्हणावं की नाही

इथे रालीत (नॉर्थ कॅरोलायना) 1950 च्या दशकातल्या एखाद्या घराला हिस्टॉरिक लँडमार्कचा दर्जा द्यायचा विषय निघाला, की आपल्या मराठी ग्रुपवर ठरलेली कॉमेंट येते: "हे कसलं ऐतिहासिक? आमचे बाबा याच्याहून मोठे आहेत!" शनिवारवाड्याच्या आसपास वाढलेल्यांना हसू येणारच. पण मी या दर्जाच्या बाजूने आहे. का, ते जरा सविस्तर लिहिते.

1948 मध्ये इथल्या स्टेट कॉलेजात स्कूल ऑफ डिझाइन सुरू झालं. डीन हेन्री कॅम्पहोफनर यांनी कुठून कुठून आर्किटेक्ट गोळा केले: अर्जेंटिनाचे एदुआर्दो काटालानो, पोलंडचे मॅथ्यू नोविकी, जपानी वंशाचे अमेरिकन जॉर्ज मात्सुमोतो. ही मंडळी शिकवायची आणि घरंही बांधायची, स्वतःसाठी आणि ओळखीपाळखीच्यांसाठी. ज्यांच्या दर्जाचा वाद होतो, त्यांत ही घरं येतात.

यातलं नोविकी हे नाव तरी आपल्याला माहीत हवं. चंदीगडच्या पहिल्या आराखड्यावर ते अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर काम करत होते. ऑगस्ट 1950 मध्ये भारतातून परतताना इजिप्तमध्ये त्यांचं विमान कोसळलं आणि ते गेले. आज ज्यांच्या नावाने चंदीगड ओळखलं जातं ते आर्किटेक्ट ल कोर्बुझिए आले ते त्यानंतर. ऑक्टोबरात स्टेट फेअरला (राज्याच्या जत्रेला) आपण पार्किंग शोधत डॉर्टन अरीना नावाच्या ज्या इमारतीला फेऱ्या मारतो ना, तेही नोविकींचंच डिझाइन. ते 1952 मध्ये, त्यांच्या माघारी पुरं झालं.

काटालानोंनी 1954 मध्ये स्वतःसाठी घर बांधलं. घर कसलं, एक छप्परच! लाकडी, घोड्याच्या खोगिरासारखं वळलेलं, जमिनीला फक्त दोन टोकांवर टेकलेलं. क्षेत्रफळ सुमारे 4,000 चौरस फूट आणि जाडी अडीच इंच. खाली चहूबाजूंनी काचा. दुसऱ्याच्या कामाला सहसा बरं न म्हणणारे नामांकित अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइट यांनीसुद्धा त्याची तारीफ केली होती. पुढे काटालानो एमआयटीत गेले, घर विकलं गेलं, काही वर्षं रिकामं पडलं. पाणी मुरत गेलं, लाकूड कुजलं. 2001 मध्ये ते पाडलं आणि त्या जागेवर मोठाली घरं आली. आता फोटो बघायचे.

"पण त्याची सरकारी यादीत नोंद करून घ्यायची ना," असं कुणी म्हणेल. तिथेच तर मेख आहे. जेम्स फिट्झगिबन यांनी बांधलेलं पास्कल हाउस (1950) नॅशनल रजिस्टरवर, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत, होतं. तरीही 2013 मध्ये ते पाडलं, आणि अगदी कायदेशीरपणे. नॅशनल रजिस्टर म्हणजे मानाचा शिक्का. खाजगी मालकाने स्वतःच्या पैशाने घर पाडायचं ठरवलं, तर तो शिक्का त्याला अडवत नाही.

अडवतो तो लोकल दर्जा, म्हणजे सिटी काउन्सिलने ठराव करून दिलेला. अडवतो म्हणजे तरी किती? बाहेरून बदल करायचा तर आधी वारसा-वास्तू बघणाऱ्या कमिशनची परवानगी लागते. आणि पाडायचंच म्हटलं, तर या राज्याच्या कायद्याने जास्तीत जास्त 365 दिवस थांबवता येतं. बस, एवढंच! वर्ष उलटलं की बुलडोझर आणायला मालक मोकळा.

लोकांना वाटतं, दर्जा मिळाला की घर म्युझियम झालं, खिळा ठोकायलाही अर्ज. तसं नाही. स्वयंपाकघर हवं तसं करा. आतल्या गोष्टींवर कमिशनचा हक्क चालतो तो मालकाने लेखी संमती दिली तरच. त्या एका वर्षात मात्र दुसरं गिऱ्हाईक शोधता येतं, दुरुस्तीचा खर्च काढता येतो, कुणाला तरी त्या जागेचं वेड लागू शकतं. काटालानोंच्या घराला असंच एखादं वर्ष वेळेवर मिळायला हवं होतं.

तक्रारी खऱ्या आहेत, त्या मी उडवून लावत नाही. आमच्याच रस्त्यावर असं एक घर आहे. छप्पर सपाट, त्यामुळे पानगळीत पन्हळ तुंबली की पाणी थेट बैठकीच्या कोपऱ्यात. जमिनीपासून छतापर्यंतच्या काचा एकेरी, जानेवारीत त्यांच्याजवळ बसवत नाही. मालकीणबाई वयस्कर आहेत. त्यांनी त्या काचा काढून स्वस्तातल्या व्हिनाइलच्या खिडक्या बसवायचं म्हटलं, तर मला त्यांना बोल लावता येणार नाही. म्हणून मालकाची इच्छा नसताना दर्जा लादावा, या मताची मी नाही. कायदा काहीही म्हणो, मनाविरुद्ध सांभाळलेलं घर नीट सांभाळलं जात नाही.

पण "इतकं नवं घर वारसा कसं?" हा आक्षेप मात्र मला पटत नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं प्रदर्शनाचं दालन, हॉल ऑफ नेशन्स आठवा. 1972 चं, राज रेवल यांचं डिझाइन, महेंद्र राज यांचं इंजिनिअरिंग. साठ वर्षं झाली नाहीत म्हणून वारशाच्या यादीत घेतलं नाही आणि एप्रिल 2017 मध्ये एका रात्रीत पाडून टाकलं. अहो, साठी गाठायला आधी जगायला नको का?

आणि आपल्याच लोकांना एक सांगते, राग मानू नका. ही घरं 'टेअरडाउन' म्हणून (पाडून नवं बांधायला) विकली जातात, तेव्हा घेणाऱ्यांत आपणही असतो. शाळा चांगली, प्लॉट अर्धा-पाऊण एकराचा, ऑफिस जवळ. मला हिशोब कळतो. फक्त सही करायच्या आधी घर कुणी डिझाइन केलंय एवढं विचारा. एजंट सांगेलच असं नाही. लँडमार्क असेल, किंवा होण्याजोगं असेल आणि दर्जा मिळाला, तर अर्ज करून प्रॉपर्टी टॅक्सचा निम्मा भाग पुढे ढकलता येतो, दरवर्षी. रालीतल्या आजच्या किमतींना ही रक्कम किरकोळ नाही. एक मात्र ध्यानात ठेवा: ही माफी नव्हे. घर पाडून किंवा वाट्टेल तसं बदलून दर्जा घालवलात, तर मागच्या तीन वर्षांची ढकललेली रक्कम काउंटी व्याजासकट वसूल करते.