सदावर्ते खलनायक नाहीये हो

'कोर्ट' या मराठी सिनेमावरचा एक लेख वाचला. सिनेमाच्या शेवटी झोपेतून दचकून उठलेले न्यायाधीश सदावर्ते एका पोराच्या थोबाडीत मारतात तिथे त्यांचा खरा क्रूर चेहरा उघड होतो असं लेखात म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. अहो उघड व्हायला काही लपलेलं होतं का? स्लीव्हलेस घातलं म्हणून एका बाईची केस ऐकायची नाही असं सांगतात तो सीन लेखात साधा आलेलाही नाही, आणि सहलीत एकाच्या न बोलणाऱ्या मुलासाठी नाव बदला, अंगठी घाला असे सल्ले देतात ते पण अगदी मनापासून, चांगल्या हेतूने. म्हणजे माणूस वाईट नाही, आपल्या कॉलनीतले काका असतात तसाच आहे. आणि हाच माणूस खटल्यातले आरोपी शाहीर नारायण कांबळेंचा जामीन ठरवतो, राग येतो तो याचा.

आमच्या जागेच्या केससाठी वडिलांबरोबर बरीच वर्षं तारखांना गेलेय. साहेब कधी आवाज चढवून बोलले नाहीत, शांतपणे पुढची तारीख द्यायचे आणि आम्ही वर थँक्यू म्हणून बाहेर पडायचो. त्यामुळे थपडेपेक्षा मला सदावर्ते लगेच परत डोळे मिटतात ते जास्त लागलं. सरकारी वकील नूतनचंही तेच, ट्रेनमध्ये ऑलिव्ह ऑईलच्या गप्पा, घरी स्वयंपाक आणि दुसऱ्या दिवशी त्याच हाताने कांबळेंविरुद्ध कागद. तिला लेखात 'निर्दयी' म्हटलंय, मग ती भूमिका करणाऱ्या गीतांजली कुलकर्णीने ती इतकी ओळखीची का केली असेल?