‘मुलगा असून रडतोस?’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

मुलग्यांच्या संगोपनाविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरत येतो. मला तो चार वेगवेगळ्या व्यक्तींकडून आला आणि चौघांनीही तो मनापासून पटल्यामुळेच पाठवला होता. त्याचा आशय असा : मुलगा निसर्गतःच कमी भावनाशील असतो, पूर्वीचे पुरुष रडत नसत आणि म्हणूनच ते खंबीर होते, रडू आवरायला लावले, वेळप्रसंगी एक ठेवून दिली, तरच मुलगा टणक होतो, पुढे घराचा भार त्यालाच पेलायचा असल्यामुळे ही तयारी लहानपणीच व्हायला हवी, आणि हल्लीचे मानसशास्त्र मात्र ‘मुलग्यांच्या मुली करायला’ निघाले आहे. या मजकुरामागची काळजी खोटी नाही. हळव्या मुलग्याला हेरून त्याची टर उडवणारे सगळीकडे असतात, आणि आपला मुलगा त्यांच्या तावडीत सापडू नये असे आईवडिलांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काळजी खरी आहे एवढ्यावरून उपाय बरोबर ठरत नाही, म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

निसर्गाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्याच पायावर उभे आहे. मुलगे जन्मतःच कमी भावनाशील असतील तर तो फरक तान्ह्या वयात सर्वांत स्वच्छ दिसायला हवा, कारण तेव्हा त्यांना कोणी काही शिकवलेले नसते. कॅथरिन वाइनबर्ग, एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आईने सहा महिन्यांच्या बाळासमोर थोडा वेळ निर्विकार चेहऱ्याने बसायचे होते. या प्रसंगात कुरकुरणे, रडणे, चिडणे आणि ‘उचलून घे’ म्हणून हात पुढे करणे मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये अधिक दिसले. एका अभ्यासावर एवढा मोठा निष्कर्ष उभा करू नये, हे मला मान्य आहे. पण तारा चॅप्लिन आणि अमेलिया अल्दाओ यांनी २०१३ मध्ये १६६ अभ्यासांचा, म्हणजे २१ हजारांहून अधिक मुलामुलींचा, एकत्रित आढावा घेतला तेव्हाही भावना व्यक्त करण्यातला एकूण फरक लहानच निघाला, आणि तो जन्मापासून तयार नव्हता, तर वय वाढत गेले तसा दिसू लागला.

यावर ‘मग हार्मोनचे काय?’ असा प्रश्न हमखास येतो. गर्भावस्थेत आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण अधिक असते हे खरे. पण त्यानंतर वयात येईपर्यंत ते मुलगे आणि मुली दोघांमध्येही अगदी कमी असते. ‘मुलगा आहेस ना तू?’ हे वाक्य सर्वांत जास्त वेळा कानावर पडते ते नेमके याच मधल्या वर्षांत.

फरक कुठून येतो याचे एक उत्तर जॉन आणि सँड्रा कॉन्ड्री यांच्या १९७६ च्या प्रयोगात सापडते. त्यांनी नऊ महिन्यांच्या एकाच बाळाची चित्रफीत अनेकांना दाखवली. काहींना बाळ मुलगा असल्याचे सांगितले, काहींना मुलगी. डबीतून अचानक उसळून बाहेर येणारे बाहुले समोर आल्यावर बाळ रडू लागले, तेव्हा तो मुलगा आहे असे समजणाऱ्यांना त्या रडण्यात राग अधिक दिसला, तर मुलगी आहे असे समजणाऱ्यांना भीती. बाळ एकच, रडणेही एकच. घाबरलेल्या बाळाला आपण जवळ घेतो आणि चिडलेल्या बाळाला ‘पुरे आता’ म्हणतो, हे लक्षात घेतले तर त्या एका शब्दाने केवढे काम केले ते कळते. डेव्हिड रेबी यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलेली गोष्टही याच जातीची आहे : तीन महिन्यांच्या मुलग्यांच्या आणि मुलींच्या रडण्याच्या स्वरात उंच-खालचा फरक नसतो, तरीही खालच्या स्वरातले रडणे मुलग्याचे असणार असे मोठी माणसे गृहीत धरतात. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावे लागत नाही. मुलग्यांचे न रडणे निसर्गदत्त असते तर ते त्यांना दिवसातून चार वेळा सांगावे लागले नसते.

‘पूर्वीचे पुरुष रडत नसत’ या विधानाला फार जागा देण्याचे कारण नाही. गीतेचा दुसरा अध्याय सुरू होतो तेव्हा अर्जुनाचे डोळे आसवांनी भरलेले आहेत. त्यावर कृष्ण त्याला ‘क्लैब्य’, म्हणजे नामर्दपणा, ‘सोड’ असे म्हणतो, हे कोणी दाखवून दिले तर तेही खरेच आहे. पण त्या दटावणीने काम भागत नाही, अर्जुन ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसतो, आणि मग अठराव्या अध्यायापर्यंत त्याचे सगळे प्रश्न ऐकून घ्यावे लागतात. ग्रीकांचा महावीर अकिलीझही मित्राच्या मृत्यूनंतर धाय मोकलून रडतो. राहता राहिले आपले वडील आणि आजोबा. ते रडले नाहीत असे आपण म्हणतो तेव्हा आपल्याला एवढेच ठाऊक असते की ते आपल्यासमोर रडले नाहीत.

मजकुराचा खरा गाभा तिसऱ्या मुद्द्यात आहे : रडू आवरायला लावले की मूल टणक होते. इथे सोसणे आणि लपवणे या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही व्यक्तींना किळसवाणी चित्रफीत दाखवली आणि त्यांपैकी काहींना चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका, असे सांगितले. त्यांचे चेहरे शांत राहिले. पण वाटणारी किळस त्यामुळे कमी झाली नाही, उलट त्वचेवरील घामाच्या नोंदींसारख्या शरीराच्या ताणाच्या काही खुणा इतरांपेक्षा वाढलेल्या आढळल्या. हा प्रयोग मोठ्यांवरचा आहे आणि थोड्या मिनिटांचा आहे, हे मी विसरत नाही. मात्र बघणाऱ्याला जे धैर्य वाटते ते आतल्या बाजूने पाहिले तर निव्वळ श्रम असू शकतात, एवढे त्यावरून नक्की कळते.

हे मला हा प्रयोग वाचण्याआधी एका मुलाने शिकवले. मी शिक्षक आहे. खेळाच्या तासाला बारा वर्षांचा एक मुलगा हातावर पडला, तोंड पांढरे पडले, ओठ आवळून तो तसाच बसून राहिला. मी लांबून ओरडलो, “ऊठ, मर्दासारखा ऊठ!” तो उठला आणि शेवटपर्यंत खेळला. मला त्याचा अभिमान वाटला, हे कबूल करायला हवे. दुसऱ्या दिवशी वर्गात तो वहीवर तारीख घालताना डाव्या हाताने उजवा हात उचलून कागदावर ठेवत होता. ते मी पाहिले, पण त्याचा अर्थ मला लागला नाही. तिसऱ्या दिवशी तो प्लॅस्टर घालून आला. मनगटाच्या हाडाला बारीक तडा गेला होता आणि घरीही त्याने दोन दिवस कोणाला काही सांगितले नव्हते. तो वेदना सोसायला शिकला असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, तो वेदनेची बातमी न देण्यास शिकला, आणि ते शिकवणारा मी होतो.

हाडाला तडा गेला तर निदान क्ष-किरणांत दिसतो. ज्या मुलाला मोठी मुले रोज कोपऱ्यात गाठून मारतात, किंवा ज्याच्या अंगाला एखादी ओळखीची प्रौढ व्यक्ती नको तसा हात लावते, त्याला बोलण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. आणि बोलायचे म्हणजे आधी ‘मी घाबरलो, मला ते थांबवता आले नाही’ असे कबूल करायचे, जे मर्दाने कधी कबूल करायचे नसते असे आपणच त्याला शिकवलेले असते. लैंगिक अत्याचार झालेले मुलगे ते सांगायला विशेष कचरतात, यामागे हे एक मोठे कारण आहे. दाबलेल्या भीतीला आणि दुःखाला मग एकच परवानगी असलेली वाट उरते, ती रागाची. दार आपटणारा, धाकट्याला ढकलणारा, ‘काय झाले?’ विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणून अंगावर येणारा मुलगा आपल्याला उर्मट वाटतो. त्याच्याजवळ दुसरा शब्दच ठेवलेला नाही, हे आपल्या ध्यानात येत नाही.

मैत्रीचेही तेच होते. अमेरिकेतील निओबी वे यांनी अनेक वर्षे किशोरवयीन मुलग्यांच्या मुलाखती घेतल्या. तेरा-चौदा वर्षांचे मुलगे आपल्या जिवलग मित्राविषयी मोकळेपणाने, मायेने बोलत. तीच मुले सतरा-अठराची झाली की तशी मैत्री आता राहिली नाही असे सांगत. ती हवी होती हे त्यांच्या बोलण्यातून कळे, पण तसे म्हटले तर ‘बायकी’ ठरू ही धास्तीही लपत नसे.

मारण्याविषयी थोडक्यात. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पाच दशकांतील संशोधनाचा आढावा घेतला, ज्यात १ लाख ६० हजारांहून अधिक मुले येतात. ज्यांना चापट्या खाव्या लागतात त्या मुलांमध्ये आक्रमकता आणि मानसिक अडचणी अधिक आढळल्या. ती अधिक आज्ञाधारक किंवा कणखर झाल्याचे मात्र दिसले नाही. असा संबंध म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे; पण मारण्याचा फायदा होतो असे म्हणणाऱ्यांकडे उलट बाजूचा तेवढाही पुरावा नाही.

आता घराच्या भाराचा मुद्दा. रडणारा मुलगा उद्या संकटात कोलमडेल, असे मजकूर म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आकडेवारीनुसार जगभरात दर एक लाख पुरुषांमागे १२.६ आणि दर एक लाख स्त्रियांमागे ५.४ आत्महत्या होतात. आत्महत्येची कारणे अनेक असतात आणि हा सगळा फरक ‘रडू नकोस’ या दोन शब्दांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही न रडण्याचे शिक्षण पुरुषांना संकटात तारत असते, तर हे आकडे उलटे असायला हवे होते. जोएल वाँग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे १९ हजार व्यक्तींवरील अभ्यासांची जी छाननी केली ती इथे अधिक उपयोगी पडते, कारण त्यांनी पौरुषाच्या अपेक्षा सुट्या करून पाहिल्या. ‘माझे मी बघेन, कोणाची मदत नको’ ही वृत्ती आणि स्त्रियांवर हुकमत गाजवण्याची वृत्ती यांचा मानसिक अनारोग्याशी ठळक संबंध दिसला. कामाला सर्वाधिक महत्त्व देण्याचा मात्र तसा संबंध आढळला नाही. म्हणजे जबाबदारी उचलणारा, कष्टाळू पुरुष घडवायला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती, मदत मागायची लाज त्याच्या अंगात मुरवण्याला.

‘मुलग्यांच्या मुली करायच्या आहेत’ हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यात न बोललेले पुष्कळ काही आहे. ‘बायल्या’, ‘पोरीसारखा काय मुळूमुळू रडतोस’, ‘हातात बांगड्या भर’ हे शब्द पाच-सहा वर्षांचा मुलगा ऐकतो तेव्हा त्याला दोन गोष्टी एकदम कळतात : मुलगी होणे ही शिक्षा आहे, आणि मुलगेपण कोणीही, केव्हाही काढून घेऊ शकते. जोसेफ व्हँडेलो आणि जेनिफर बॉसन यांनी २००८ मध्ये यातल्या दुसऱ्या गोष्टीची मांडणी केली : बाईपण आपोआप येते असे लोक मानतात, पण मर्दपण मिळवावे लागते आणि ते पुन्हा पुन्हा सिद्ध केले नाही तर जाते, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. गच्चीच्या कठड्यावरून चालून दाखवणारा, वर्गातल्या दुबळ्या मुलाला चारचौघांत टपली मारणारा मुलगा हेच करत असतो. त्याच्या शेजारी बसणारी मुलगी याच शब्दांतून आपली किंमत शिकते, ते वेगळेच.

मजकुरात बरोबर काहीच नाही असे नाही. मुलाच्या वाटेतला प्रत्येक दगड आईबापांनी उचलणे वाईटच. हरणे, पडणे, नकार ऐकणे मुलग्यांना आणि मुलींना, दोघांनाही जमले पाहिजे. अबोल मुलाला ‘रड, रड’ म्हणून मागे लागणे हाही जाचच आहे. जॉन गॉटमन यांनी वर्णन केलेल्या पद्धतीत पालक भावनेला नाव देतात आणि वागण्याला मर्यादा घालतात : तुला राग आला, हे मला दिसते, पण भावाला मारायचे नाही. अशा घरांतली मुले नंतर स्वतःला अधिक चांगली सावरू शकत होती, असे त्यांच्या अभ्यासात आढळले. यात लाड कुठे आहेत, हे मला अजून कळलेले नाही.

त्या मुलाचे प्लॅस्टर निघाल्यावर एक दिवस तो जिन्यात भेटला. हात कसा आहे, विचारले. त्याने मूठ मिटून उघडून दाखवली आणि म्हणाला, “सर, मी तेव्हाच दुखतंय म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही रागावला असता?” मी लगेच ‘नाही रे’ म्हणालो. रागावलो नसतो, हे खरे आहे; बहुधा हसलो असतो.