मांसाचा रस कोंडला जात नाही

परदेशातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर बीफ स्ट्यूची एक कृती फिरते आहे. मांस आधी कडकडीत तापलेल्या भांड्यात परता, म्हणजे छिद्रं बंद होऊन रस आत कोंडला जाईल. त्याआधी रात्रभर वाइनमध्ये भिजवा, म्हणजे ते आतपर्यंत मऊ होईल. मग भरपूर पाण्यात खळखळ उकळा. तासाभरात मऊ झालं नाही तर मांस हलकं होतं असं समजा आणि पुढच्या वेळी महागातलं घ्या. यावर विश्वास ठेवून मानेचे किंवा नडगीचे चांगले तुकडे वाया जाताहेत, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

रस कोंडण्याची कल्पना पसरवली ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी, 1847 साली. नाव मोठं, त्यामुळे ती स्वयंपाकघरांत मुरली. पण मांसाला बंद होतील अशी छिद्रं नसतातच. परतताना जो चर्र आवाज येतो, तो आतून बाहेर येणाऱ्या पाण्याची वाफ होण्याचा असतो. परतलेले तुकडे ताटलीत काढून ठेवा, थोड्या वेळात खाली रस साचलेला दिसेल.

तरीही परतायचंच, पण चवीसाठी. पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे गेला की तो खमंग तपकिरी रंग चढतो. रश्श्याचं तापमान 100 च्या वर जात नाही, म्हणून बुडालेल्या तुकड्यांना तो खमंगपणा नंतर येत नाही. तुकडे पुसून घ्या, भांड्यात गर्दी करू नका आणि तळाला चिकटलेलं खरवडून रश्श्यात घ्या. खरी चव तिथेच आहे.

भिजवण्याबद्दल थोडक्यात: वाइनमधलं आम्ल रात्रभरात जेमतेम काही मिलिमीटर आत शिरतं. मीठ त्याहून खोल जातं. फ्रान्समध्ये बर्गंडीची माणसं बीफ लाल वाइनमध्ये शिजवतात, आणि त्या वाइनचा मोठा गुण रश्श्याला येतो.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती खळखळ उकळी. मान, खांदा, नडगी हे जनावराचे सतत राबणारे भाग. तिथल्या स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन भरपूर असतं, म्हणून ते स्वस्त आणि म्हणूनच चिवट. साधारण 60 अंशांपुढे हे कोलॅजन आकसतं आणि मांसातला रस पिळून काढतं; 70 च्या पुढे ते हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. पायाचं सूप थंड झाल्यावर थिजतं ना, तेच हे. मांस मऊ लागतं ते या जिलेटिनमुळे, कोंडलेल्या रसामुळे नव्हे. विरघळायला मात्र तास लागतात, आणि तेवढ्या वेळात उकळी जोरात असेल तर तंतू पाण्यात बुडालेले असूनही कोरडे पडतात. पाणी तुकड्यांच्या अर्ध्या उंचीपर्यंत, घट्ट झाकण, अधूनमधून एखादा बुडबुडा, आणि तीन तासांची तयारी. ओव्हन असेल तर 150 अंश पुरे.

आता तासाभराची अट. त्या वेळी रस निघून गेलेला असतो आणि कोलॅजन अजून विरघळायचं असतं, म्हणजे मांस सगळ्यात वातड असतं तेव्हाच ही कृती त्याला नापास करते! महागाचा टेंडरलॉइन, म्हणजे पाठीकडचा फारसा न राबणारा मऊ भाग, आणून तसाच शिजवलात तर त्यात विरघळायला फारसं काही नसतं. हाती भुसभुशीत, कोरडे तुकडे येतात. खाटकाकडून मानेचंच मागा.

महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तिथे हे म्हशीच्या मांसावर करायचं; रीत तीच. कुकरमध्ये तापमान 120 अंशांजवळ जातं, काम लवकर होतं, तंतू मात्र जास्त पिळले जातात. घाई असेल तर कुकर लावा, पण वाफ आपोआप जिरू द्या आणि मांस रश्श्यातच निवू द्या, म्हणजे ते थोडा रस परत ओढून घेतं. काटा टोचून फिरवल्यावर तुकडा सहज सुटला तर झालं; अडला तर झाकण लावून आणखी अर्धा तास.