एस क्लासवाल्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी मर्सिडीजच्या डब्ल्यू २२० (म्हणजे जुन्या पिढीच्या) एस क्लासला उगाच बदनाम केलं, तिच्यापेक्षा मी ज्या गाडीची बाजू घेतली ती लेक्सस एलएस ४३० ही आजोबांची गाडी आहे, चालवायला मजा शून्य, आणि तुम्ही बघून आलेली एस ५०० तर सिंगल ओनर, एकदम कमी रनिंगची, मग घाबरायचं कशाला.

मजेचं आधी घेतो कारण ते मान्यच आहे. एलएसचं स्टिअरिंग इतकं मऊ की खाली रस्ता आहे का नाही तेच कळत नाही. मजाच हवी तर बीएमडब्ल्यूची ई६० (जुनी ५ सिरीज) घ्या, एन५२ हे सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असलेली, इलेक्ट्रिक वॉटर पंप एक दिवस जाणार हे धरून चला म्हणजे झालं. पण मी लिहिलं होतं ते पंधरा-वीस वर्ष जुनी गाडी रोज वापरणाऱ्यांसाठी, आणि त्यांचा प्रॉब्लेम वेगळाय: गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. नवी असताना जी गाडी वरच्या गटातली होती तिचे पार्ट आजही त्याच गटातले.

आता एअरमॅटिक, म्हणजे एस क्लासचं हवेवर चालणारं सस्पेन्शन. त्यात स्प्रिंगच्या जागी हवा भरलेला रबरी फुगा असतो, वर्षं झाली की त्याला चिरा पडतात, हवा हळूहळू गळते, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही बसतो, म्हणजे गेला होता एक पार्ट आणि बिल दोघांचं. काही एस क्लासना एबीसी (ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल) हे दुसरंच सस्पेन्शन आहे, तिथे हवेऐवजी जबरदस्त दाबाचं तेल, पंप, व्हॉल्व्ह, पाइप, त्याच्या वाटेला तर जाऊच नका. एलएस ४३० बहुतेक साध्या स्टीलच्या स्प्रिंगवर येते, म्हणून मी तिच्या बाजूने. वरच्या व्हेरियंटमध्ये तिलाही एअर सस्पेन्शन मिळतं, ती घेतलीत तर मग माझा मुद्दा तिलाही लागू, त्यात लेक्ससला सूट नाही.

आणि कमी रनिंग! खरं सांगू, मला यावरच सगळ्यात जास्त बोलायचंय. रबर किलोमीटर मोजत नाही हो. बुश, होज, सील, टायर, सगळं उभ्या गाडीतही कडक होतं. एलएसचंच उदाहरण घ्या, तिचा टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) साधारण दीड लाख किलोमीटरला बदलतात, पण गाडी साठ हजारच चालली असेल आणि बेल्ट कंपनीतून आलेला तसाच असेल तर मीटर बघून खूश व्हायचं काही कारण नाही, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच उघडावं लागतं. त्यापेक्षा दोन लाख चाललेली पण बेल्ट, वॉटर पंप, गिअरबॉक्स ऑइल सगळ्याची बिलं असलेली गाडी मी डोळे झाकून घेईन (बरं, अर्धे झाकून). गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' आहे, कधी बदलावंच लागत नाही, असं कुणी सांगितलं तर तेवढं मात्र ऐकू नका.

डब्ल्यू २२० बसायला भारी आहे, त्यात वादच नाही. गंज मात्र नीट बघा, चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा. तुम्ही बघितलेली एस ५०० परत बघायला जाणार असाल तर सकाळी, न सांगता जा. पहिल्यांदा बॉनेटला हात लावा, गरम असेल तर मालकाने आधीच चालू करून, सस्पेन्शनमध्ये हवा भरून गाडी वर उचलून ठेवलीय असं समजा. थंड असेल तर चारही कोपरे बघा, रात्रभर उभी राहूनही सरळ आहे का एखादा कोपरा खाली बसलाय. सरळ असेल, बिलं असतील आणि एअरमॅटिकचे पैसे बाजूला काढून ठेवायची तयारी असेल तर खुशाल घ्या, मी नाही अडवणार.