‘मरणारा मरतोच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

खानापूर भागातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेतले डॉक्टर बंदुकीला रोग ठरवायला निघालेत. वीस वर्षं संशोधन करून काय सापडलं? चाकूनंही माणसं मरतात. बंदूक असली की घर सुरक्षित. आणि मरायचं ठरवलेला मरतोच.’ रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या आमच्या काकांनीच तो पुढं ढकलला, म्हणून हा खटाटोप.

संशोधनाचं आधी उरकतो. १९९६ साली अमेरिकी संसदेनं सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेला बंदूक-नियंत्रणाच्या प्रचाराला पैसा वापरायची बंदी घातली आणि बंदुकीवरच्या संशोधनाचे २६ लाख डॉलर काढून दुसरीकडं वळवले. पुढं वीसेक वर्षं या संशोधनाला सरकारी पैसा जवळपास आटलेलाच. वर विचारायचं, काय सापडलं!

चाकूचं अर्धं खरं आहे. आपल्याकडं कोयता-विळ्यानं होणारे खून कमी नाहीत, अमेरिकेचे आकडे इथं जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. बरं, मान्य.

पण ‘मरणारा मरतोच’? हे धादांत खोटं, आणि ऐकायला शहाणपणाचं वाटतं म्हणून जास्त घातक. जीव द्यायचा झटका बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो. त्यातून वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढं आत्महत्येनं मरत नाहीत. बंदूक मात्र परत फिरायला सवड देत नाही. २०२०च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात २ कोटी ६३ लाख प्रौढांच्या नोंदी बारा वर्षं तपासल्या. हँडगन, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, बाळगणाऱ्या पुरुषांत आत्महत्येचं प्रमाण, सगळे मार्ग धरून, न बाळगणाऱ्यांच्या तिपटीहून जास्त, बायकांत सातपट. दुसरा मार्ग शोधतातच म्हणावं, तर हा फरक पडला नसता. तो अभ्यास हँडगनचा, आपल्याकडच्या लांब नळीच्या बंदुकीचा नव्हे, हे खरं. पण इस्रायलच्या सैन्यानं २००६ मध्ये सुट्टीवर जाणाऱ्या जवानांच्या बंदुका छावणीतच ठेवून घेतल्या, तेव्हा आठवडाअखेरच्या सुट्टीतल्या आत्महत्या ठळक घटल्या आणि इतर वारी वाढल्या नाहीत.

‘घर सुरक्षित’ ठरतं ते बंदूक ठेवता कशी यावर. बंदूक रिकामी करून कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या एका जुडग्यात नकोत. ठासणीच्या बंदुकीत लोक हमखास चुकतात: ठिणगी पाडणारी टोपी काढली की रिकामी झाली असं समजतात. दारू आणि छर्रे नळीत तसेच असतात. नळी रिकामी असताना ठासायचा गज तळापर्यंत घालून तोंडाशी येईल तिथं खूण करून ठेवा. पुढं टोपी काढून, तोंड अंगावर न घेता, गज घालून बघा. खूण वर राहिली तर आत बार आहे.

घरात कुणी खचलेलं असेल तर बंदूक घराबाहेर काढा. शेजाऱ्याकडं नको, परवाना तुमच्या नावाचा आहे. डीलरकडं किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या. निवडणुकीला मुकाट करताच की. आणि त्या माणसासाठी टेली-मानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर चोवीस तास चालू असतो.