उत्तर आलं नाही म्हणजे येणार नाहीत? हे कोणी ठरवलं?

‘लग्नघरासाठी आरएसव्हीपीची पाच सूत्रं’ नावाचा एक मेसेज सध्या फिरतोय. आरएसव्हीपी म्हणजे येणार की नाही, ते पाहुण्यांनी कळवणं. लिहिणाऱ्याचा पत्ता नाही, खाली फक्त ‘सगळ्या ग्रुपवर पाठवा’. माझ्या मावसबहिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “ताई, असंच करायचं ना?” नाही गं बाई, असं अजिबात करायचं नाही. आणि का नाही ते एकदाच नीट लिहून ठेवते.

मेसेज थोडक्यात असा. एक, १०० जागा असतील तर १२५ जणांना बोलवा. २० टक्के लोक कधीच येत नाहीत, त्यामुळे उत्तरांच्या मागे लागायची गरजच नाही. दोन, उत्तराची खरी तारीख कधी सांगू नका, दोन महिने अलीकडची खोटी छापा. तीन, तारीख उलटून गेली आणि उत्तर आलं नाही की नाव खोडा. चार, केटररला आकडा आदल्या रात्रीपर्यंत बदलून देता येतो. पाच, उशिरा कळवणाऱ्याचं नाव ग्रुपवर टाका, पुढच्या वेळी शहाणा होईल.

चौथ्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. केटररशी किंवा हॉलशी केलेला करार काढा आणि त्यातलं ‘मिनिमम गॅरंटी’चं कलम वाचा. शब्द इकडेतिकडे होतील, पण मतलब बहुतेक ठिकाणी एकच असतो: अमुक तारखेला अंतिम आकडा द्यायचा, त्यानंतर तो वाढवता येईल, तेही स्वयंपाकघराला झेपेल तेवढाच. कमी करता येणार नाही. बिल हमी दिलेल्या आकड्याचं किंवा प्रत्यक्ष जेवलेल्या माणसांचं, जे जास्त असेल त्याचं. ही तारीख साधारणपणे ७ ते १४ दिवस आधीची असते, काही हॉटेलांत ३ दिवस आधीची. माल मागवायचा असतो, वाढपी ठरवायचे असतात, खुर्च्या आणायच्या असतात. हे सगळं आदल्या रात्री होत नाही.

म्हणजे ११० ची हमी दिलीत आणि ९६ आले, तरी पैसे ११० चेच. बऱ्याच हॉटेलांत हमीपेक्षा ३ ते ५ टक्के जास्तीची तयारी ठेवतात हे खरं आहे, पण ती तुमच्या करारात लिहिलेली असेल तरच धरा. मॅनेजर तोंडी ‘बघून घेऊ’ म्हणाला तर ते शून्य धरा. आणि एक आकडा हमखास निसटतो: फोटोग्राफर, व्हिडिओवाले, वाजवणारे, निवेदक. ही माणसं पाहुण्यांच्या यादीत नसतात, पण जेवणार असतात. त्यांची पानं वेगळी मोजून केटररच्या आकड्यात मिळवायची.

आता पहिलं सूत्र. याच्यावर मला जरा वेळ घालवायचा आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान हेच करतं आणि ऐकायला सगळ्यात शहाणं वाटतं.

घटकाभर मान्य करू की २० टक्के लोक येत नाहीत. १२५ चे ८० टक्के किती? बरोबर १००. पण ही सरासरी झाली. सरासरी १०० असेल तर जवळपास निम्म्या वेळा माणसं १०० च्या वर जाणार, हे शाळेतलं गणित आहे. ज्या सल्ल्यात दोनातून एकदा खुर्च्या कमी पडणार, त्याला सूत्र म्हणायचं?

बरं, किती कमी पडणार? प्रत्येक माणूस आपापला स्वतंत्र निर्णय घेतो असं धरलं, तर हा आकडा दोन्ही बाजूंना सहज साडेचार-पाचने हलतो. पण लग्नाला कुणी एकेकटं ठरवून येत नाही. घर येतं किंवा घर येत नाही. सगळी चौघांची कुटुंबं धरली तर तोच हेलकावा दुप्पट होतो, म्हणजे ९ इकडे किंवा ९ तिकडे. १८ विरळा, पण अशक्य नाही. शिवाय एका ऑफिसातले दहाजण एकाच गाडीने यायचं ठरवतात, गाडी रद्द झाली की दहाही रद्द. ११८ माणसं आणि १०० खुर्च्या असं चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग तो मेसेज पुन्हा वाचा.

खुर्च्या आणून टाकू म्हणाल, तर टेबलांचा हिशोबही असतो. ५ फुटी गोल टेबलाभोवती ८ जण नीट बसतात, ६ फुटीला १०. आठ-आठची सगळी टेबलं भरलेली असताना ३ जण वाढले तर तीन खुर्च्या सरकवून भागत नाही. एक नवं टेबल, त्याचा कपडा, ताटंवाट्या, त्याच्याकडे बघणारा एक वाढपी, आणि ते मांडायला जागा लागते. हॉलची कमाल संख्या ठरवताना आग लागली तर माणसं दारांतून वेळेत बाहेर पडतील का, हेही धरलेलं असतं. ती मॅनेजरच्या मर्जीवर नसते. आमंत्रणं त्या संख्येच्या वर काढायचीच नाहीत, टक्केवारी काहीही म्हणो.

आणि २० टक्के हा आकडा सगळ्यांना लागू कसा होईल? सुट्टीच्या दिवशी, सगळे जवळपास राहणारे, असं लग्न वेगळं. आठवड्याच्या मधल्या वारी, विमानाने जावं लागणारं लग्न वेगळं. अंदाज करायचाच असेल तर यादीचे गट पाडा: जवळचे नातेवाईक, लांबून येणारे, कामावरचे, आईवडिलांचे परिचित. प्रत्येक गटाचा अंदाज वेगळा धरा. तोसुद्धा उत्तरं येईपर्यंतच कामाचा.

दुसरं सूत्र, खोट्या तारखेचं. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. कार्डावरची तारीख आणि केटररची तारीख यांत अंतर हवंच. पण त्यासाठी खोटं बोलायची गरज नाही, आणि दोन महिने तर मुळीच नकोत. इतक्या आधी लोकांना स्वतःची रजा ठाऊक नसते. मग ते ‘बघू’ म्हणतात, किंवा तोंडदेखलं ‘हो’ म्हणतात आणि नंतर बदलतात. शिवाय खोटी तारीख घरातच टिकत नाही. कार्डावर १ तारीख, भाऊ मित्रांना सांगतो ‘अरे, १५ पर्यंत चालेल’, आणि सगळे १५ धरतात.

तारीख उलटी मोजत यायची. समजा लग्न शनिवारी आहे आणि केटररला आकडा १० दिवस आधी, म्हणजे बुधवारी हवा आहे. आमंत्रणं ६ ते ८ आठवडे आधी गेलेली असावीत. उत्तराची तारीख ३ आठवडे आधीची, शनिवारची. त्याच्या आठवडाभर आधी एक आठवण, तीही ज्यांनी उत्तर दिलेलं नाही फक्त त्यांनाच. सगळ्यांना पुन्हा पाठवलीत तर ज्यांनी कळवलंय ते गोंधळतात आणि दुसऱ्यांदा कळवतात. तारीख उलटली की दोन दिवस गप्प बसा. बरेच उशीरवाले याच दोन दिवसांत आपणहून उगवतात. मग १९ ते १६ दिवस उरले असताना फोन. १४ व्या दिवशी शेवटचा निरोप. १२ व्या दिवशी, सोमवारी, यादी बंद. मंगळवारी बसण्याची मांडणी, बुधवारी आकडा. पाहुण्यांसाठी हॉटेलात खोल्या धरून ठेवल्या असतील तर त्या कधी सोडल्या जाणार तेही बघा. ती तारीख बरेचदा ३-४ आठवडे आधीची असते, आणि मग तुमची उत्तराची तारीखही तिच्या अलीकडे आणावी लागते.

कार्डावर ‘५ तारखेपर्यंत’ एवढंच लिहू नका. ‘शनिवार, ५ तारीख, रात्री ९ पर्यंत’ लिहा आणि कुणाला कळवायचं तो एकच नंबर द्या. दोन नंबर दिले की नवरा एकाला कळवतो, बायको दुसऱ्याला, आणि दोघांचे चार होतात.

तिसरं सूत्र: उत्तर नाही तर नाव खोडा. हे सगळ्यात निर्दयी आहे, आणि चुकीचंही. उत्तर न देणाऱ्यांत न येणारे असतात तसे ‘आपलं येणं तर ठरलेलंच आहे, त्यात कळवायचं काय’ असं समजणारेही असतात, आणि हे दुसरे बहुतेक तुमचे सगळ्यात जवळचे असतात. सख्ख्या आत्याचं नाव खोडायचं आणि ती दारात उभी राहिली की काय करायचं, हे मेसेजवाल्याने सांगितलेलं नाही. काही उत्तरं तर वाटेतच हरवतात: फॉर्म भरला पण शेवटचं ‘सबमिट’ दाबायचं राहिलं, किंवा आमंत्रणासोबत पाठवलेलं छापील उत्तराचं कार्ड परत आलं, पण त्यावर नावच लिहिलं नाही. पाठवतानाच त्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने यादीतला क्रमांक टाकून ठेवा, बिननावी आलं तरी कुणाचं ते कळतं. आणि दोन निळ्या टिका म्हणजे उत्तर नव्हे.

यादीत रकाने हवेत ते असे: घराचं नाव, किती जणांना बोलावलं, किती येणार, लहान मुलं, पथ्य, कळवल्याची तारीख, फोन कोण करणार. ‘नक्की नाही’ असा रकाना ठेवूच नका, तो शेवटपर्यंत रिकामा होत नाही. फोनची यादी नात्यानुसार वाटून द्या, नवरा-नवरीच्या गळ्यात नको. आणि ‘येताय ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘बघतो, प्रयत्न करतो’ असंच येतं. “तुमच्याकडे चौघांना बोलावलंय, चौघंही येताय का? उद्या संध्याकाळी मला आकडा द्यायचाय,” असं विचारलं की आकडाच मिळतो. फोन उचलला नाही तर १४ व्या दिवसाचा निरोप: “परवा रात्रीपर्यंत कळलं नाही तर यावेळी जमत नाही असं धरून चालते, राग मानू नका.” यानंतर नाव काढा, खुशाल काढा. सांगून काढणं आणि गुपचूप खोडणं यांत फरक आहे.

पाचव्यावर फार बोलायला नको. ग्रुपवर नाव टाकल्याने आकडा मिळत नाही, आणि पाहुण्याला पुढच्या वेळी शहाणा करण्यासाठी तुम्ही पुन्हा लग्न करणार आहात का?

उशिरा ‘हो’ आलाच तर तो कधी आला ते बघा. आकडा देण्याआधी आला तर नाव टाका, विषय संपला. आकडा दिल्यानंतर आला तर लगेच होकार देऊ नका. आधी केटररला विचारा, मग टेबल बघा, मग कळवा: “एक दिवस द्या, विचारून सांगते.” शेवटच्या तीन दिवसांत आला तर कुणाची जागा रिकामी झाली असेल तरच, आणि नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आकडा दिल्यानंतर ‘नाही’ आला तर त्या पानाचे पैसे गेलेच आहेत, भांडू नका. ती जागा उशिरा ‘हो’ म्हणणाऱ्याला द्या. मात्र मागाहून नव्या कुणाला बोलावणार असाल तर त्याला उलटून गेलेली तारीख छापलेलं कार्ड देऊ नका. आपण दुसऱ्या यादीतले आहोत हे त्याला तिथेच कळतं. त्याला फोन करा.

न कळवता येणारे तरीही येतील. त्यांच्यासाठी दाराजवळ एक टेबल बिननावी ठेवा, हमीच्या आकड्यात धरलेलं. दारावर यादी घेऊन कुणीतरी एक उभा राहू दे, आणि ते टेबल भरायला लागलं की केटररच्या माणसाला तिथूनच सांगायचं काम त्याच्याकडे द्या.